'बंगाल'चं १:१०० मॉडेल: तोफ चुकली, बाकी झकास

पुण्यातल्या एका कार्यशाळेत ऑर्डरवर बनणारं 'एचएमआयएस बंगाल' या दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय युद्धनौकेचं हे मॉडेल. मूळ जहाज ५६.७ मीटर, म्हणून मॉडेल ५७ सेंटिमीटर, प्रमाण चोख. घोटाळा पुढच्या तोफेत. 'बाथर्स्ट' वर्गातल्या, म्हणजे त्याच आराखड्याच्या, इतर बऱ्याच जहाजांची लांब ४ इंची नळी चिकटवलीय. ११ नोव्हेंबर १९४२ला 'ओंदिना' टँकरला सोबत करताना 'बंगाल'वर आखूड १२ पौंडी, म्हणजे ७६ मिलिमीटरची तोफ होती. तेवढ्यावर दोन जपानी जहाजांना भिडली, त्यातलं 'होकोकू मारू' बुडालं! नळीच चुकली तर उरलं काय?

ऑर्डर देताना प्लायवूडच्या डेकला खालूनही सीलर (ओल रोखणारा लेप) मारून मागा, नाहीतर पावसाळ्यात कडा उचलतात. मॉडेल ठेवायच्या ॲक्रिलिक पेटीत फेविक्विक वापरू देऊ नका; वाफेने आतून पांढरी झाक धरते. इपॉक्सी सांगा.

रंगकाम मात्र सुरेख.