कुकी सजवायचं किट: कटर एक नंबर, रंग मात्र वेगळे आणा

नाताळसाठी लेकीला ऑनलाइन कुकी डेकोरेटिंग किट मागवलं होतं. कटर एकदम मस्त, स्टीलचे, रेनडिअर, सांता, जिंजरब्रेड माणूस, धार छान आहे फक्त कापलेले आकार बेक करायच्या आधी 15-20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर शिंगं ओव्हनमध्ये पसरतात. आयसिंगच्या मिक्समध्ये मेरिंग पावडर (सुकवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची पूड) आधीच आहे म्हणजे कच्च्या अंड्याचं टेन्शन नाही, पाणी मात्र चमचा चमचा घाला. कडेच्या रेघेला घट्ट लागतं, आत भरायला पातळ, सुरीने रेघ मारली की साधारण 10-15 सेकंदात बुजली पाहिजे, मग जमलं समजा.

रंगांनी घोळ घातला. एकदम पाणीदार, अख्खी बाटली ओतली तरी लाल होईना, गुलाबीच, वर आयसिंग ढिलं पडलं ते वेगळंच. रात्रीत सांताची टोपी पांढऱ्या दाढीत उतरली, लेक रडवेली झाली हो, फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी केकच्या सामानाच्या दुकानातून जेल कलर आणले, टूथपिकच्या टोकावर घेतला तेवढा पुरला. आणि लाल आधी पूर्ण सुकू दिलं, मुंबईच्या हवेत पंख्याखाली रात्रभर, मगच पांढरं.

लेकीने रेनडिअरला जांभळं नाक आणि चष्मा काढलाय, इतका गोड दिसतो की खाववत नाही. कटर आणि आयसिंगसाठी परत घेईन. शेजारच्या आंटींनी नेवऱ्या-कलकलांचं, म्हणजे नाताळच्या गोड फराळाचं, ताट पाठवलं होतं, ते रिकामं कसं द्यायचं, सहा कुकीज घालून लेकच देऊन आली.