पेगी की ईएसआरबी: गेमवरचा कोणता शिक्का पालकांच्या जास्त कामाचा?

गेम कोणत्या वयापासून योग्य, हे सांगणारे हे दोन शिक्के. लंडनच्या मावशीने गेम पाठवला तर डबीवर पेगीचा आकडा असतो. न्यू जर्सीच्या काकांनी पाठवला तर ईएसआरबीचे अक्षर. २००३ पासून युरोपात चालणारी पेगी सरळ वय सांगते: ३, ७, १२, १६, १८. घाईत असलेल्या आईबाबांना हे लगेच कळते. १९९४ पासूनच्या अमेरिकी ईएसआरबीची अक्षरे मात्र शिकावी लागतात. ‘टी’ म्हणजे १३ पासून, ‘एम’ म्हणजे १७ पासून.

तरी माझे मत ईएसआरबीलाच. तिच्या संकेतस्थळावर अनेक गेमबद्दल छोटा परिच्छेद असतो: रक्त कितपत दिसते, मारामारी कशी, शिव्या कोणत्या. आपले मूल कशाने दचकते हे आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून हा तपशील आकड्यापेक्षा मोलाचा. माइनक्राफ्टच पाहा: पेगी म्हणते ७, ईएसआरबी म्हणते ‘ई१०+’, म्हणजे १० पासून. मग नुसत्या आकड्यावर विसंबायचे कसे?

एक मात्र नीट लक्षात घ्या. पेगी ३ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला तो खेळ जमेल असे नव्हे. तो शिक्का आशयाचा आहे, अवघडपणाचा नाही. आणि ऑनलाइन खेळताना अनोळखी माणसे काय बोलतील, ते ईएसआरबी तपासत नाही. तिथे शेजारी बसून ऐकावेच लागते.