जागतिक स्पर्धेतला चेंडू सांगलीच्या मुरमावर
थायलंडमध्ये २०२५ साली झालेल्या महिलांच्या जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, ज्यात इटलीने तुर्कस्तानला ३-२ असे नमवले, पाहिल्यावर आमच्या मुलींनी तसाच चेंडू हवा म्हणून हट्ट धरला आणि आम्ही विश्रामबागेतील एका दुकानातून मिकासा व्ही२००डब्ल्यू घेतला. १८ पट्ट्यांच्या या चेंडूवर बारीक खळगे असल्यामुळे घामेजल्या हातांतूनही तो निसटत नाही, आणि मनगटांना बसणारा मार आमच्या जुन्या चेंडूपेक्षा इतका कमी आहे की नव्या मुलीही आता सर्व्हिस घेताना मागे सरत नाहीत.

दुकानाबद्दल मात्र तक्रार आहे. नियमानुसार दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रतिचौरस सेंटिमीटर हवा. त्यांनी दाबमापकाशिवायच पंप मारून चेंडू नारळासारखा टणक करून दिला.

हा चेंडू मुळात बंदिस्त सभागृहासाठी घडवलेला असल्याने आमच्या मुरमाच्या मैदानावर त्याचे कृत्रिम कातडे लवकर खरवडेल, अशी धास्ती वाटते. म्हणून रोजच्या सरावाला जुनाच चेंडू वापरतो आणि हा सामन्यांच्या आधीच्या आठवड्यातच पिशवीतून बाहेर काढतो, जे मुलींना अजिबात मान्य नाही.