सिमेंटचा जुना पत्रा: रंगवावा, झाकावा की उतरवावा?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या जुन्या शेड, निफाड-लासलगावकडच्या कांदा चाळी, मळ्यातले गोठे, वाड्यामागची न्हाणीघरं. या सगळ्यांवर जो करडा नालीदार पत्रा दिसतो, तो आता म्हातारा झालाय. मालकापुढे तीन वाटा असतात: रंगाचा थर देऊन पत्रा बंद करायचा, त्याच्यावर दुसरा पत्रा चढवायचा, नाहीतर तो उतरवून नवा टाकायचा. तिन्ही वाटा आपापल्या जागी चुकीच्या नाहीत. माझा कल एका वाटेकडे आहे आणि तो पुढे दिसेलच.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. वजनाने साधारण ८ ते १० टक्के, बाकी सिमेंट आणि फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख. तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेला असतो तोवर तो हवेत येत नाही, म्हणून अखंड पत्र्याखाली बसणाऱ्याला धोका कमी. धोका सुरू होतो तो पत्रा कापला, घासला, फुटला किंवा उन्हापावसाने त्याच्या वरचं सिमेंट झिजलं की. नेमकं काय बिघडतं हे कळलं की तिन्ही पर्यायांकडे बघायची नजर बदलते, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

धूळ म्हटलं की कवडशात नाचणारे कण डोळ्यापुढे येतात. त्यातले १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण नाकात, घशात आणि श्वासनळीच्या चिकट आवरणात अडकतात आणि खाकरून बाहेर पडतात. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात ते साधारण ४-५ मायक्रॉनच्या आतले. तंतूचं गणित मात्र वेगळं. तो हवेत कसा वाहणार हे त्याची जाडी ठरवते, लांबी नव्हे. अर्धा मायक्रॉन जाडीचा तंतू २० मायक्रॉन लांब असला, तरी हवेच्या प्रवाहाला समांतर होऊन सुईसारखा आत शिरतो.

आत सफाईचं काम भक्षक पेशींकडे असतं. अशा पेशीचा व्यास १० ते २० मायक्रॉन. तिच्याहून लांब तंतू ती गिळायला जाते तेव्हा तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर राहतो. तोंड मिटत नाही, आणि तंतू पचवायला तयार केलेली दाहक रसायनं नि ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू शेजारच्या उतींवर सांडतात. ती पेशी मरते, दुसरी येते, तिचीही तीच गत होते. दाह शमत नाही, तिथे व्रणाची निबर उती साचत जाते, फुप्फुस कडक होतं. हा ॲस्बेस्टॉसिस, आणि तो होण्यासाठी सहसा अनेक वर्षं भरपूर धूळ पोटात नव्हे, छातीत जावी लागते. त्याच दाहात पेशींच्या डीएनएला वारंवार इजा होत राहिली की फुप्फुसाचा कर्करोग. काही तंतू सरकत फुप्फुसाबाहेरच्या अस्तरापर्यंत जातात. तिथल्या निचऱ्याच्या बारीक छिद्रांत लांब तंतू अडकून बसतात आणि मेसोथेलिओमा, म्हणजे त्या अस्तराचा कर्करोग, होऊ शकतो. त्यासाठी ॲस्बेस्टॉसिसइतकी धूळ लागत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. संपर्क आणि आजार यांत बहुधा २० ते ४० वर्षं जातात, कधी त्याहून जास्त.

सिलिकाच्या, म्हणजे वाळूत असणाऱ्या खनिजाच्या, कणाची तऱ्हा जराशी निराळी. तो तंतूसारखा लांब नसतो, भक्षक पेशी त्याला पूर्ण गिळते, पण तो पेशीलाच आतून फोडतो, पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. शेवट तोच: गाठी, निबर उती, सिलिकोसिस, आणि क्षयाची शक्यता वाढते ती वेगळी. पत्र्यावर कोरडं ग्राइंडर चालवलं की जी पांढरी धूळ उडते तिच्यात तंतू तर असतोच, राखेतून आणि सिमेंटमधून आलेले बारीक कणही असतात.

दुकानात हमखास ऐकू येतं की आपल्या पत्र्यातला ॲस्बेस्टॉस पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. घातक तो निळा आणि तपकिरी. यात अर्धं तथ्य आहे. पांढरा तंतू कुरळा असतो आणि निळ्याच्या मानाने फुप्फुसात लवकर झिजतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असं सिद्ध झालेल्या गटात ठेवले आहेत. पांढराही त्यातच.

(सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइट खनिजांचे सुईसारखे स्फटिक बघून काहींना शंका येते, म्हणून जाता जाता. तुर्कस्तानातल्या कपाडोसिया भागात ज्या खनिजाने गावंच्या गावं मेसोथेलिओमाने पोखरली, ते एरिओनाइट हाही एक तंतुमय झिओलाइटच. पण झिओलाइट कुटुंबातलं प्रत्येक खनिज एरिओनाइट नसतं, आणि काचेच्या कपाटात ठेवलेला स्फटिक कुणाच्या छातीत जात नाही.)

आता पर्याय. रंगाची वाट सगळ्यात स्वस्त, आणि कागदावर सगळ्यात बिनधोक, कारण पत्रा हलवायचाच नाही. लवचीक ॲक्रिलिक थर चांगला बसला तर झिजलेला पृष्ठभाग धरून ठेवतो, उष्णताही थोडी कमी होते. अडचण त्याच्या आधी आहे. शेवाळावर रंग टिकत नाही, म्हणून आधी शेवाळ काढावं लागतं. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात तर पत्र्यावर गादीच तयार झालेली असते. योग्य पद्धत अशी: शेवाळनाशक हातपंपाने फवारायचं, काही दिवस मरू द्यायचं, मग हलक्या फवाऱ्याने भिजवून मऊ झालेलं शेवाळ उचलायचं आणि ओलंच पिशवीत भरायचं. प्रत्यक्षात रंगारी तारेचा ब्रश घेतो, नाहीतर गाड्या धुण्याचा प्रेशर पंप. दोन्हींनी झिजलेल्या सिमेंटचा वरचा थर तंतूंसकट निघतो, भिंतींवर आणि अंगणात पसरतो आणि वाळल्यावर उडतो. शिवाय रंग फक्त वरून लागतो. खालची बाजू उघडीच राहते. काही वर्षांनी थर पापुद्रे धरतो आणि घासाघासी पुन्हा पहिल्यापासून.

वरून दुसरा पत्रा चढवायची वाट फॅब्रिकेटरला फार आवडते. कारखान्याचं काम थांबत नाही, यंत्रं झाकावी लागत नाहीत, गळती लगेच बंद होते. वजनाचा हिशेब मात्र आधी करा. सिमेंटच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला १३ किलोच्या वर, त्यावर ०.५ मिलिमीटरच्या कलर कोटेड पत्र्याचे साधारण ५ किलो आणि मधल्या पट्ट्या. गंजलेल्या जुन्या कैच्यांना (छताच्या त्रिकोणी सांगाड्यांना) आणि पर्लिनना (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांना) हे पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय हात घालू नये. दोन पत्र्यांमध्ये वारा शिरला की वरच्याला उचलतो, तेव्हा स्क्रूची पकड पर्लिनपर्यंत जायलाच हवी.

आणि इथेच, माझ्या मते, पारडं पत्रा उतरवण्याकडे झुकतं. ती पकड मिळवायला स्क्रू जुन्या पत्र्याच्या आरपार न्यावा लागतो. एका मध्यम शेडला अशी शेकड्यांनी भोकं पडतात, कोरड्या ड्रिलने, डोक्यावरून, आणि भुकटी खालच्या माणसांवर पडते. पत्रा पर्लिनला अडकवणाऱ्या जुन्या जे-बोल्टच्या जागाच वापरून लांब बोल्ट घालता येतात, पण ते वेळखाऊ असल्याने कुणी करत नाही.

भोक हीच माझी खरी तक्रार आहे, आणि ती या एका कामापुरती नाही. सिमेंटचा पत्रा जागेवर राहिला की त्याला भोक पाडायला कुणी ना कुणी येतंच. जूनच्या पहिल्या सरीत जे-बोल्टचं डांबरी वायसर गळतं, मिस्त्री वर चढून भोक मोठं करतो आणि नवा बोल्ट घालतो. कुणाला पंखा टांगायचा असतो, कुणाला कॅमेऱ्याची वायर न्यायची असते. हल्ली छतावर सोलर बसवायचा म्हणून ओळीने भोकं पडतात, आणि पॅनल २५ वर्षं टिकणारे, खालचा पत्रा आधीच तिशी ओलांडलेला. निफाड पट्ट्यात गारपीट झाली की फुटलेले तुकडे झाडूने गोळा केले जातात. रंगवलेला असो वा झाकलेला, पत्रा प्रत्येक दुरुस्तीला नव्याने धूळ देतो, आणि ती धूळ मालकापेक्षा मिस्त्रीच्या छातीत जास्त जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं. रोजंदारीवर भोकं पाडणाऱ्या पोराची अशी नोंद कुठेच नसते. त्यात तो बिडी ओढणारा असेल तर गणित आणखी बिघडतं: अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवरच्या १९७९ च्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने ११ पट आणि दोन्ही मिळून ५० पटीच्या वर गेलेलं दिसलं.

हवेतले तंतू मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. मी पन्हळ बघतो. तळाशी करडा, बोटाला रवाळ लागणारा गाळ दाट साचला असेल तर पत्रा झिजायला लागला आहे आणि त्यावर रंगाचा खर्च करणं मला पटत नाही. हा गाळही ओलाच काढावा, त्यात तंतू असतात.

उतरवायचा तर एकदाच आणि नीट. वाईट पद्धतीने उतरवलेल्या पत्र्यापेक्षा न हलवलेला पत्रा केव्हाही बरा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दिवाळीनंतरच्या वारा नसलेल्या सकाळी काम धरावं. खाली जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरायचं, शेडमधलं सामान आधी हलवायचं. पाण्यात थोडा द्रव साबण मिसळून हातपंपाने दोन्ही बाजू भिजवायच्या. साबणामुळे पाणी वरून ओघळून न जाता मुरतं. गंजलेला बोल्ट बोल्ट-कटरने तोडायचा, ग्राइंडर लावायचा नाही, पत्रा मोडून मोकळा करायचा नाही. दहा फुटी पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, म्हणून दोघांनी धरून दोरीने उतरवायचा. वरून फेकायचा नाही. पत्र्यावर पाय देणं सर्वांत धोक्याचं. जुना पत्रा माणसाच्या वजनाने सरळ फुटतो आणि तंतू चाळीस वर्षांनी जे करतील ते हा अपघात त्याच क्षणी करतो. पर्लिनवर आडव्या फळ्या, खाली जाळी, अंगावर सेफ्टी बेल्ट.

तोंडाला उपरणं किंवा साधा कापडी मास्क निरुपयोगी. एन९५ मास्कसुद्धा या कामाला अपुरा. एफएफपी३ किंवा पी१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो. एकदाच वापरायचा पूर्ण अंगाचा सूट, काम संपल्यावर तो ओला करून उतरवायचा, मास्क सगळ्यात शेवटी. कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. झाडू आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य. ओल्या फडक्याने पुसून फडकं पत्र्याबरोबरच टाकायचं.

उतरवलेला पत्रा दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची, वर खूण करायची. घातक कचऱ्यासाठी राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे सामायिक केंद्रं आहेत. कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीतूनच तो तिकडे पाठवावा. भंगारात देऊ नका. भंगारातला पत्रा कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर जातो, आणि तुकडे शिवाररस्त्यावर चिखल बुजवायला टाकले की ट्रॅक्टरची चाकं त्याची भुकटी करतात.

नव्या पत्र्याबद्दल एक कबुली द्यायला हवी: सिमेंटचा पत्रा थंड असतो. कांदा चाळीला तो लोकांनी उगाच निवडला नव्हता. साधा कलर कोटेड पत्रा टाकला तर उन्हाळ्यात आतली हवा तापते, कांदा वजन सोडतो आणि पावसाचा आवाज वेगळाच. त्यावर उपाय म्हणजे फिकट रंग, छताखाली इन्सुलेशनचा थर, आणि आढ्याला मोकळी फट. चाळीत फट सर्वांत स्वस्त आणि माझ्या पाहण्यात सर्वांत कामाची. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा पत्राही मिळतो, तो थंड राहतो. घेताना बिलावर तसं लिहून घ्या, आणि कापताना तोही ओलाच कापा, कारण सिलिका त्यातही आहे.

यंदा खर्च झेपत नसेल तर पत्र्याला हात लावू नका, हा सल्ला मी निःसंकोच देतो. गळतीला भोक मोठं न करता वरून बिटुमनची चिकटपट्टी ओल्या फडक्याने पुसलेल्या जागेवर दाबून बसवा. पंखा, दिवे, वायर हे सगळं पर्लिनला क्लॅम्पने बांधा. कोपरा फुटला असेल तर तुटक्या कडेला रंगाचा जाड हात मारा म्हणजे तंतू तिथेच बसतील. आणि सोलरवाला मोजमाप घ्यायला आला, तर आधी त्याला पत्रा कसला आहे ते सांगा.