इफएरर की इफएनए? जीएसटी मिळवणीच्या निमित्ताने

खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) यांची दर महिन्याला मिळवणी करणाऱ्याला व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला, शिकवायची गरज नाही. १४ तारखेला २बी तयार झाली की ती उतरवायची, जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबर जोडून एक किल्ली करायची आणि फॉर्म्युला खाली ओढायचा. जी बिलं सापडत नाहीत तिथे #एन/ए येतं. ते झाकून त्या जागी आपला मजकूर दाखवायचा तो कशाने, इफएरर या फॉर्म्युल्याने की इफएनएने, एवढाच प्रश्न उरतो.

बहुतेकांच्या हाताला इफएरर बसलेला आहे. साहजिकच आहे, तो एक्सेल २००७ पासून आहे आणि त्याआधीच्या इफ-इजएनएमध्ये तोच व्हीलुकअप दोनदा लिहावा लागायचा. इफएनए २०१३ मध्ये आला, तोवर लोकांना सवय लागून गेली होती. लिहायला दोन्ही सारखेच: आत लुकअप, पुढे स्वल्पविराम, मग "२बीत नाही". इफएरर सगळ्या चुका गिळतो, इफएनए फक्त #एन/ए.

माझं मत फिरलं ते या गिळण्यामुळेच. २बीच्या शीटमध्ये नको असलेले कॉलम बरेच असतात आणि शीट हाती आली की कुणीतरी ते उडवतंच. व्हीलुकअपला पाचवा कॉलम हवा असतो, रेंजमध्ये उरतात चार. उत्तर #रेफ! (मागितलेली जागाच नाही) यायला हवं आणि येतंही, पण वर इफएरर बसलेला असतो. तो निमूटपणे सगळीकडे "२बीत नाही" लिहून मोकळा होतो. अशी एक फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. अख्खा कॉलम "२बीत नाही", आणि पुरवठादारांना 'तुम्ही रिटर्न भरलं नाही' अशा मेल निघायच्या बेतात होत्या. १ जानेवारी २०२२ पासून २बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, त्यामुळे या दोन शब्दांवर पैसे अडतात. इफएनए असता तर पहिल्याच ओळीत #रेफ! डोळ्यांत खुपलं असतं.

इफएररची बाजूही आहे. फाइल थेट साहेबांकडे किंवा पक्षकाराकडे जाणार असेल आणि कुठेही # दिसलेलं चालत नसेल, तर तो सुटसुटीत पडतो. भागाकाराच्या कॉलमात तर तोच बरा. पण जिथे 'नाही' हेच उत्तर आहे, तिथे तो माझ्या तरी मनाला पटत नाही.

एक्सलुकअप, म्हणजे व्हीलुकअपचा नवा भाऊ, वापरत असाल तर या वादात फारसं पडायचं कारण नाही. त्याच्या कंसातली चौथी जागा 'न सापडल्यास' यासाठीच आहे आणि बाकीच्या चुका तो झाकत नाही. अडचण एकच, समोरच्याकडे एक्सेल २०१६ किंवा २०१९ असेल तर तिथे गणित पुन्हा झालं की #नेम? (हा फॉर्म्युला ओळखीचा नाही) येतं. आमच्याकडे फाइल चार टेबलांवरून फिरते, म्हणून मी अजून व्हीलुकअप आणि इफएनएवरच आहे.

बिल नंबरामागची मोकळी जागा, '००४५' आणि '४५' यांतला फरक या दोन्हींचं #एन/एच होतं. त्यावर तिघांपैकी कुणाकडेच औषध नाही, आधी ट्रिम (जादा मोकळी जागा काढणारा फॉर्म्युला) लावून नंबर एका साच्यात आणावे लागतात.

जुनी फाइल बदलायची तर आधी तिची एक प्रत ठेवा. लुकअपचाच कॉलम निवडून कंट्रोल-एच (शोधा आणि बदला) दाबा आणि 'इफएरर(' च्या जागी 'इफएनए(' घाला. दोघांची रचना एकच असल्याने बाकी काही हलत नाही. त्यानंतर जी # चिन्हं वर येतील, ती आधीपासूनच तिथे होती.