जर्सी, गर्न्सी की आयल ऑफ मॅन: ठेव कुठल्या बेटावर ठेवावी?

ही तिन्ही बेटे ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असली, तरी ती युनायटेड किंग्डमचा भाग नाहीत, आणि त्यांच्या बँकिंग कायद्यांतील परस्पर सहकार्य कुठे संपते हे ठेवीदाराने आधी समजून घेतले पाहिजे. नियामक एकमेकांना माहिती देतात, खात्यांची माहिती ठेवीदाराच्या करनिवासाच्या देशाकडे जाते, आणि 2016 पासून युरोमधील देयकांसाठी तिन्ही बेटे सेपा या युरोपीय देशांच्या सामायिक देयक व्यवस्थेत आहेत. परवाना मात्र प्रत्येक बेटाचा वेगळा असतो. ठेवींचे संरक्षणही वेगळे असते, आणि लंडनमधील भरपाई योजना इथल्या ठेवींना लागू होत नाही.

हा फरक किती महागात पडू शकतो, हे ऑक्टोबर 2008 मध्ये दिसले. आयल ऑफ मॅनमधील कॉपथिंग सिंगर अँड फ्रीडलँडर ही बँक आइसलँडच्या कॉपथिंग समूहाची स्वतंत्र उपकंपनी होती. तरीही तिच्या पैशांचा मोठा भाग लंडनमधील भगिनी बँकेत ठेवलेला असल्याने ती बँक कोसळताच बेटावरचे ठेवीदार अडकले. म्हणून केवळ ‘शाखा की उपकंपनी’ एवढेच विचारून थांबू नये; बँक आपल्या ठेवी पुढे समूहातच गुंतवते का, हेही विचारावे. माझ्या मते हा प्रश्न व्याजदराच्या आधी यायला हवा.

त्याच महिन्यात आयल ऑफ मॅनने व्यक्तींसाठीची ठेव-भरपाईची मर्यादा 50,000 पौंडांवर नेली. आइसलँडची लँड्सबँकी ही बँक कोसळली तेव्हा गर्न्सीत भरपाई योजनाच नव्हती. ती त्यानंतर आली, आणि जर्सीची 2009 मध्ये. या दोन्ही योजनांची सुरुवात प्रतिव्यक्ती प्रतिबँक 50,000 पौंड आणि पाच वर्षांत एकूण 10 कोटी पौंड अशा मर्यादांनी झाली. एकूण रकमेवरही मर्यादा असल्यामुळे मोठी बँक बुडाल्यास प्रत्येकाला पूर्ण भरपाई मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. सध्याचे आकडे योजनेकडूनच तपासावेत.

ठेव कंपनीच्या नावावर असेल, तर आयल ऑफ मॅनचा विचार आधी करावा, कारण तिथल्या योजनेत कंपन्यांनाही, कमी मर्यादेने का होईना, संरक्षण आहे. जर्सी आणि गर्न्सीच्या योजना मुख्यतः व्यक्ती आणि धर्मादाय संस्थांसाठी आहेत. व्यक्तिगत ठेवीच्या बाबतीत बेटापेक्षा बँक महत्त्वाची ठरते, आणि रक्कम मर्यादेपेक्षा मोठी असल्यास ती वेगवेगळ्या परवान्यांच्या बँकांत विभागून ठेवणे मला अधिक योग्य वाटते.