ग्लो इंजिनासाठी पारदर्शक सिलिकॉन नळी: दोन हंगामांनंतर

माझं ग्लो इंजिनाचं (मिथेनॉलच्या इंधनावर आणि तापलेल्या प्लगवर चालणारं छोटं इंजिन) मॉडेल विमान नाक वर करून चढायला लागलं की इंजिनाचा आवाज एकदम बारीक व्हायचा आणि दोन-तीन सेकंदांत ते बंद पडायचं. जमिनीवर मात्र त्याच इंजिनाची कसलीच तक्रार नसे. मी प्लग बदलला, नीडल व्हॉल्व्ह (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) पुसून काढला, इंधनाचा डबासुद्धा नवा उघडला. शेवटी कार्ब्युरेटरकडे जाणारी जुनी अपारदर्शक नळी काढून ही पारदर्शक सिलिकॉनची लावली. माझ्या मुलीने विमान घट्ट धरलं आणि पूर्ण थ्रॉटलवर नाक वर केलं, तर नळीतून बुडबुड्यांची माळच निघाली!

दोष टाकीच्या आत होता. क्लंकला (टाकीतलं इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) जोडलेली आतली नळी पुढच्या बुचाजवळ, पितळी नळीच्या धारेवर चिरली होती. विमान आडवं आणि टाकी भरलेली असली की चीर इंधनात बुडालेली असायची. नाक वर झालं की इंधन मागे सरकायचं, चीर उघडी पडायची आणि तिथून हवा आत यायची. मग मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, होणारच. ही नळी आरपार दिसणारी नसती तर मी अजून कार्ब्युरेटरच खोलत बसले असते. एवढ्या एका गुणासाठी मी हिला पैकीच्या पैकी गुण देते.

मी घेतलेली नळी मध्यम मापाची आहे, आतला व्यास साधारण २.४ मिलिमीटर. टाकीची पितळी नळी बाहेरून ३.२ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे पकड घट्ट बसते. दोन हंगामांत एकही सांधा आपोआप सुटला नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या इंधनात ती फुगली नाही, बाहेरचा भाग अजून मऊ आहे. टाकीतला तुकडा मात्र सतत इंधनात राहून ताठर वाटायला लागला, म्हणून तो मी दर हंगामाला बदलते. क्लंक टाकीत खाली-वर सहज हलला पाहिजे आणि मागच्या भिंतीला टेकता कामा नये. मी पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवते. विमान नाकावर आपटलं असेल तर टाकी उघडून बघाच. क्लंक पुढे दुमडून बसलेला असू शकतो आणि बाहेरून काही कळत नाही.

उणीव एकच, पण मोठी. सिलिकॉनला जरा ओरखडा गेला की तो फाटत जातो. पितळी नळी कापल्यावर कडेची धार बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने पूर्ण घालवा, बोट फिरवून बघा. सिलिकॉन नळी धारदार पात्याने सरळ कापा. चढवताना टोकाला इंधनाचा थेंब लावला की ती सरकते, पक्कड लावायची गरजच पडत नाही. मफलरकडून टाकीत दाब देणारी प्रेशरची नळी गरम मफलरवर टेकू देऊ नका. मी तिच्यासाठी रंगीत नळी वापरते, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

पेट्रोल इंजिनाला ही अजिबात लावू नका. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि सांधे ढिले पडतात. तिथे टायगॉनसारख्या ब्रँडची पेट्रोलसाठीची नळीच हवी. अगदी छोट्या इंजिनांना बारीक व्यासाची लागते, तीही ही नव्हे.

पुन्हा घेताना मी हीच घेईन, फक्त लांब तुकडा मागेन. टाकीच्या आत, कार्ब्युरेटरला, मफलरला आणि इंधन भरायच्या पंपाला असे चार तुकडे कापले की पहिल्या वेळी शेवटचा बोटभर कमी पडला होता.